चार ओळींची स्क्रिप्ट, सहाशे पत्रिका

आमच्या घरात संगणकातलं सगळं कळणारा एकच माणूस आहे आणि घरच्या संगणकाला विचारल्याशिवाय हात लावायची बंदीही त्याच एकट्याला आहे. तो माणूस मी.

मी पुण्यात एका कंपनीत संगणकांची देखभाल करतो. (पाहुण्यारावळ्यांत मला ‘इंजिनिअर’ म्हणतात. कंपनीत ‘तो सिस्टीमवाला कुठं उलथलाय बघा’ म्हणतात.) दर शनिवारी किकवीला आलो की मला घरच्यांच्या अडाणीपणाची फार कीव यायची. घरात संगणक एक. त्यावर वडील, म्हणजे अण्णा, सातबारा बघणार आणि वहिनी बचत गटाचे अर्ज करणार, आणि दोघं एकाच लॉगिनमध्ये! थोरला भाऊ दिवसभर टेम्पोवर असतो, त्यामुळे तो या प्रकरणात कुठंच नाही. सुखी माणूस. मी आम्हा तिघांची तीन वेगळी लॉगिन केली, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, प्रत्येकाचे कागद वेगळे. सगळ्यांवर हुकूम चालणारं लॉगिन अर्थातच माझं होतं.

मग धाकट्या बहिणीचं, मनीषाचं लग्न ठरलं आणि पत्रिका तयार करायची वेळ आली. पत्रिकेत नवरा-नवरी दोन ओळींत आटपतात, बाकी सगळा कागद भावकीचा असतो. कोण निमंत्रक, कोण व्यवस्थापक, कुणाचं नाव कुणाच्या वर, यावर लोक जेवण सोडून उठतात. म्हणून आमच्याकडं ती यादी फक्त अण्णा करतात.

यावेळी तर यादीत जोखीम होती. अण्णांचे थोरले चुलत भाऊ तात्या राजगडाच्या पायथ्याला, पालीत राहतात. बारा वर्षांपूर्वी तिथं पाण्याची टाकी झाली. पहार घेऊन तीन महिने कातळ फोडला तात्यांनी आणि टाकीवरच्या पाटीवर नाव लागलं अण्णांचं, कारण अण्णा तेव्हा ग्रामपंचायतीत होते. पाटी बदलता आली असती. अण्णांनी बदलली नाही. मग आम्ही किकवीला राहायला आलो आणि बोलणंच तुटलं. आता मनीषासाठी अण्णा स्वतः पालीला गेले, अर्धा दिवस तात्यांच्या ओट्यावर बसून राहिले. शेवटी तात्या एवढंच म्हणाले, पत्रिकेत माझं नाव पहिलं असेल तर येईन.

अण्णा टाइप करायला बसले, तर मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्यांच्या लॉगिनमध्ये उघडेना. मी ते फक्त माझ्याच लॉगिनमध्ये टाकलं होतं. वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, “भाऊजी, समद्यांसाठी टाकून द्या की.”

मी हसलो. इतका सोपा उपाय करायला मी काय वहिनी होतो? मी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची चिठ्ठी, लिहिली. चार ओळींची. आयकॉन दाबायचा अण्णांनी, त्यांच्याच लॉगिनमध्ये बसून, आणि सॉफ्टवेअर उघडायचं माझ्या नावानं! माझा पासवर्ड तिनं एकदाच घ्यायचा आणि कायमचा लक्षात ठेवायचा. बसलेत अण्णा, पण संगणकाला वाटतंय संतोष, म्हणजे मी, बसलाय. मी घरातल्यांना हे दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावायला लागलो तेव्हा सगळे उठून गेले.

शिवाय नमुना म्हणून एक पत्रिकाही मी थोरल्याच्या लग्नातल्या पत्रिकेवरून उतरवून ठेवली. मुहूर्त, स्थळ, सगळं नवं घातलं. निमंत्रकाची पहिली जागा रिकामी बरी दिसेना, म्हणून तिथं सहज आपलं नाव टाकलं, पुढं ‘संगणक तज्ज्ञ’ असंही टाकलं. ही फाइल तिन्ही लॉगिनच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवून दिली, कुणाची अडचण व्हायला नको म्हणून.

अण्णांनी चार दिवस खपून एका बोटानं त्या नमुन्यात यादी भरली. तात्यांचं नाव पहिलं, ठळक अक्षरात. मग ‘डॉक्युमेंट्स’मध्ये सेव्ह केली. पण सॉफ्टवेअर चालत होतं माझ्या नावानं, त्यामुळे ते ‘डॉक्युमेंट्स’ही माझंच होतं. अण्णांच्या स्वतःच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये माझा नमुना होता तसाच बसून राहिला. वहिनींनी अण्णांचं लॉगिन उघडलं, तिथली पत्रिका पेन ड्राइव्हवर घेतली आणि एसटीनं भोरच्या छापखान्यात देऊन आल्या. त्यांची यात काडीचीही चूक नाही.

एवढ्यावरही निभावलं असतं. छापखान्यानं तपासायला पत्रिकेचा फोटो माझ्या मोबाईलवर पाठवला होता. मी पाहिला. निमंत्रकांत पहिलं नाव माझं, पुढं ‘संगणक तज्ज्ञ’. खरं सांगतो, मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. मी लिहिलं, छापा.

आमच्या घरात पत्रिकांचा गठ्ठा देवापुढं ठेवल्याशिवाय सोडत नाहीत. देव पालीतला. त्यामुळे सुतळी सुटली ती थेट देवळात, पहिली पत्रिका कुणीही न वाचता देवापुढं गेली आणि दुसरी, हळदकुंकू लावून, अक्षता ठेवून, अण्णांनी तात्यांच्या हातात दिली. सोबत मी होतो. बारा वर्षांनी ते त्या घराचा उंबरा ओलांडून आत आले होते.

तात्यांनी चष्मा लावला. गणपतीपासून सुरुवात करून एकेक शब्द वाचत ते निमंत्रकांपर्यंत आले आणि थांबले. पुन्हा वाचलं. मग कागद उलटून मागं पाहिलं. मागं कोरं होतं.

“बबन,” ते अण्णांना म्हणाले, “म्या काय मागितलं हुतं?”

अण्णांनी पत्रिका हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला. आपण स्वतः पहिलं नाव तात्यांचंच घातलं होतं, असं ते शपथेवर सांगू लागले. तात्या चष्मा काढून घडी घालत होते. मनीषाच्या लग्नाला ते आता येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही कळलं. मला भीती वाटली आणि लाजही वाटली. म्हणून मी तोंड उघडलं.

मी तात्यांना लॉगिन सांगितलं, स्क्रिप्ट सांगितली, एकसारख्या नावाची दोन कपाटं समजा असंही सांगितलं. काकू चहाचे कप घेऊन आल्या त्या तशाच दारात उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच माझी स्क्रिप्ट कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेत होतं.

“थांब,” तात्या म्हणाले. “मशीनपुढं बसला हुता बबन?”

“हो.”

“चार दिस राबला बबन?”

“हो, तात्या.”

“आन् मशीननं नाव धरलं तुजं.” ते अण्णांकडं वळले. “म्हंजी राबला येक आन् नाव लागलं दुसऱ्याचं.”

उघड्या दारातून समोरची टाकी दिसत होती, पाटीसकट.

“कसं वाटतंय, बबन?”

अण्णा खाली बघत म्हणाले, “वाईट वाटतंय, तात्या. म्या चुकलो.”

अण्णांना चूक कबूल करताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. काय भाग्य, आपल्या मूर्खपणातून केवढं मोठं काम झालं, असा विचार तेवढ्यात मनात येऊन गेला. तो पुरता संपायच्या आत तात्यांनी माझ्याकडं बोट केलं.

“म्या यीन लग्नाला. पर माजं नाव ह्यो लिवंल. सोताच्या हातानं, समद्या पत्रिकांवर. मशीन न्हाई न् काय न्हाई.”

पत्रिका सहाशे होत्या. मी पाच दिवस रजा टाकून किकवीच्या घरी ओट्यावर बसलो. आधी स्वतःचं नाव खोडायचं, मग ‘संगणक तज्ज्ञ’ खोडायचं, मग वर तात्यांचं नाव लिहायचं. येणारेजाणारे थांबून विचारायचे, इंजिनिअर साहेब, हे पुण्यात शिकवतात का? वहिनी एकेक पत्रिका उजेडात धरून तपासायच्या आणि खाडाखोडीतून माझं नाव जरा जरी वाचता आलं तर परत करायच्या.

तात्या लग्नाला आले. फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले आणि नवऱ्याकडच्या मंडळींना पत्रिका दाखवत राहिले, छापील नाव कुणाचंही असतं, माझं बघा, हातानं लिहिलेलं आहे! पुढच्याच महिन्यात टाकीवरची पाटीही बदलली. नवी पाटी रंगवली मी, कारण तात्यांच्या मते त्या नावावर आता माझा हात चांगला बसला होता.

वहिनींनी ते सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी टाकून घेतलं. दोन मिनिटं लागली. सगळ्यांवर हुकूम चालणारं लॉगिन आता त्यांच्याकडं आहे. माझ्यासाठी त्यांनी एक वेगळं करून दिलंय, ‘पाहुणा’ या नावाचं. त्यात काहीही नवीन उघडायचं म्हटलं की संगणक वहिनींचा पासवर्ड मागतो. मग मी स्वयंपाकघरात जाऊन अर्ज करतो. वहिनी पिठाचे हात पुसत येतात आणि पासवर्ड टाकण्याआधी या संगणक तज्ज्ञाला भिंतीकडं तोंड करून उभं राहायला लावतात.