वासंतीताईंनी न घेतलेली चावी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – तिला तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट माहीत नाही. बहुतेक एवढ्यासाठी, की वासंतीताईंविषयी कोणाला तरी सांगायचं आहे, आणि त्यांच्याविषयी सांगायचं तर माझ्याविषयी सांगावंच लागतं.

मी गोव्यात, डिचोलीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायचो. खाणी तेव्हा जोरात चालू होत्या. खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ वर्गात फळ्यापर्यंत यायची. वासंतीताई आमच्या शाळेत शिपाई होत्या. मूळच्या हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्गाकडच्या. नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता, तो अपघातात गेला. मग त्या मुलीला घेऊन पाळी गावात भाड्याच्या खोलीत राहू लागल्या. शाळेच्या सगळ्या चाव्या त्यांच्याकडे असायच्या. सकाळी सात वाजता दार उघडायचं, जनेलं, म्हणजे खिडक्या, उघडायच्या, झाडू मारायचा, घंटा द्यायची. घड्याळ चुकेल, पण ती घंटा चुकायची नाही.

त्या वर्षी मी लॅपटॉप घेतला. शाळेत तेव्हा कोणाकडेच नव्हता. मला मिरवायचं होतं – आता लपवून काय उपयोग? म्हापशाच्या दुकानदाराने त्याचा विमाही काढून दिला. समजावून सांगताना तो म्हणाला, पडला, फुटला, पाणी सांडलं तर भरपाई मिळेल. बंद जागेचं कुलूप फोडून चोरीला गेला तरी मिळेल. कुठे विसरलात, तर मात्र काही नाही. मी हसलो होतो. एवढी मोलाची वस्तू कोण विसरतं?

दोनच महिन्यांनी एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी बहिणीकडे तेरेखोलला निघालो, तिला तो दाखवायला. फाटकाशी छत्री उघडताना लॅपटॉपची बॅग कुठे ठेवावी कळेना, तेव्हा वासंतीताईंनी ती धरली. दोन्ही हातांनी, तान्हं मूल धरावं तशी. मग स्वतःच माझ्या खांद्याला लावून दिली. केरीच्या बसमध्ये मला झोप लागली. केरीला पोचलो तेव्हा पलीकडे तेरेखोलला जाणारी फेरीबोट सुटायला आली होती, म्हणून मी धावतच उतरलो. नदीच्या मध्यावर खांदा हलका लागला.

परत येऊन पाहिलं तर बस निघून गेलेली. रविवारभर मी बहिणीकडे आजारी असल्याचं सांगून पडून राहिलो. बायकोला काय सांगणार होतो? स्टाफरूममधल्या लोकांना काय? हरवण्यापेक्षा हसं होण्याची भीती मोठी होती. आणि दुकानदाराची ती वाक्यं डोक्यात फिरत होती – विसरलात तर नाही, कुलूप फोडलं तर हो.

सोमवारी मी सव्वासातला शाळेत पोचलो. वासंतीताई स्टाफरूम झाडून मागच्या विहिरीकडे गेल्या होत्या. प्रयोगशाळेतला स्क्रूड्रायव्हर घेऊन मी माझ्या कपाटाची कडी उचकटली. अर्धं मिनिटही लागलं नाही. मग मी आरडाओरडा केला, की कपाटातला लॅपटॉप चोरीला गेला.

पोलीस आले, पंचनामा झाला. विमा कंपनीचा माणूस यायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी वासंतीताई मला जिन्याखाली भेटल्या. हातात झाडू होता, तो त्यांनी भिंतीला टेकवून ठेवला. आवाज अगदी हळू.

“सर, माका इचारल्यांनी तर मी खरा काय ता सांगान. तुमीच आदी सांगा, म्हणजे बरा दिसात.”

त्यांना सगळं ठाऊक होतं. शनिवारी बॅग त्यांच्या हातात होती. सोमवारी सकाळी झाडताना कपाट धड होतं. तरी त्या आधी माझ्याकडे आल्या – पोलिसांकडे नाही, मुख्याध्यापकांकडे नाही. मला सावरायला एक दिवस दिला त्यांनी. मी काय केलं? मी म्हटलं, वर्गावर जायचंय. आणि जिना चढून गेलो.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांना विचारलं गेलं, आणि बोलल्याप्रमाणे त्यांनी खरं सांगितलं. न रडता, माझ्याकडे न बघता, एकही शब्द जास्त न बोलता. सर बॅग घेऊन गेले. कपाट सकाळी धड होतं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं.

“त्या बॅगेत वह्या होत्या,” मी म्हटलं.

एवढंच. चार-पाच शब्द. पण ते मास्तरचे शब्द होते, आणि समोर चाव्या सांभाळणारी शिपाईबाई होती, हद्दीपलीकडून आलेली. कोणावर विश्वास बसणार? त्याच दिवशी त्यांच्याकडून चाव्या काढून घेतल्या. पोलीस स्टेशनात त्यांना दोनदा बोलावलं. त्या धुळीतून चालत गेल्या, धुतलेलं पातळ नेसून. पाळीच्या त्यांच्या खोलीची झडती झाली, शेजारीपाजारी बघत असताना. काही सापडलं नाही. सापडणार काय होतं? पुढे तपास थंडावला. मला भरपाई मिळाली, नवा लॅपटॉप आला.

आणि आता जे सांगतोय, ते कुलूप फोडण्याहून वाईट आहे.

भरपाई मिळाल्यावर तीनेक आठवड्यांनी त्या केरीच्या बसचा कंडक्टर मला बसमध्येच भेटला. बघताच त्याने ओळखलं. म्हणाला, सर, तुमची बॅग माझ्या घरी आहे, तुम्ही पुन्हा कधी दिसाल म्हणून वाट बघत होतो. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणून दिली. काहीच घेतलं नाही त्याने. लॅपटॉप ठीक चालू होता. त्या दिवशी मी ती बॅग घेऊन सरळ शाळेत जाऊ शकलो असतो. बसमध्ये विसरलो होतो, एवढं म्हटलं असतं तरी वासंतीताईंवरचा डाग गेला असता. पण मग उचकटलेल्या कडीचं काय? मी तो लॅपटॉप कोल्हापूरला दुसऱ्या बहिणीच्या मुलाला देऊन टाकला. मामा किती दिलदार, असं त्या घरात अजून म्हणतात.

वासंतीताई त्याच शाळेत पुढे नऊ वर्षं होत्या. त्यांनी बाजारात, नातेवाइकांत, कुठेही माझं नाव काढलं नाही. काढलं असतं तर माझ्या कानावर आलंच असतं, डिचोली काही मोठी नाही. मला त्या ‘सर’च म्हणत राहिल्या. स्टाफरूममध्ये चहा आणला तर माझ्यापुढेही कप ठेवायच्या, इतरांच्याइतकाच भरलेला. त्यांची मुलगी दहावीला माझ्या वर्गात आली. मी तिच्या नजरेत काहीतरी शोधत राहिलो, पण तिथे काहीच नव्हतं. निकालाच्या दिवशी ती माझ्या पाया पडली. आईने सांगितलंय म्हणाली, सर मराठी फार चांगलं शिकवतात. माझं खोटं आणि माझं शिकवणं त्यांनी वेगळं ठेवलं होतं. एवढं न्यायी मन मी दुसरं पाहिलेलं नाही.

मुख्याध्यापक बदलले. नव्यांना जुनं प्रकरण ऐकून वाईट वाटलं. एका सकाळी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर त्यांनी चाव्यांचा जुडगा वासंतीताईंपुढे धरला आणि म्हणाले, झालं गेलं विसरा, या तुमच्याकडेच असू द्या. वासंतीताईंनी हात पुढे केला नाही.

“ह्या शाळेत चोरी झाली असा लिवून ठेवलेला आसा,” त्या म्हणाल्या. “ता आदी खोडा, मगे मी चावी हातात धरीन.”

सगळे गोंधळले. बाई हट्टी आहे, असं कोणीतरी पुटपुटलं. त्या खोलीत त्यांचं बोलणं समजलेला एकच माणूस होता, आणि तो पेपर तपासत असल्यासारखा खाली बघत होता. निवृत्त होईपर्यंत वासंतीताई दुसऱ्या कोणी दार उघडायची वाट बघत पायरीवर उभ्या राहिल्या. वेळेवर, रोज. नोंद कोणी खोडली नाही. ती खोडायला कारण देऊ शकणारा मीच होतो.

त्या आता गावी असतात, मुलीजवळ. पत्ता माझ्याकडे आहे. मी गेलेलो नाही.

त्या शाळेत चोरी झाली नव्हती. बॅग मी विसरलो होतो, कडी मी उचकटली होती, आणि मुख्याध्यापकांच्या त्या खोलीत खरं बोलणाऱ्या फक्त वासंतीताई होत्या.