अर्धा दाबलेला क्लच

बाबांनी तीस वर्षं भाजीचा पिकअप चालवला. मला शिकवताना त्यांचा एकच धोशा होता: गिअर पडला की डावा पाय क्लचवरून खाली घ्यायचा. पाय रेंगाळला की गुडघ्यावर चापटी बसायची. "ते पायपुसणं आहे का? नवी क्लचप्लेट काय तुझा सासरा देणार?"

गेल्या वर्षी साखरेच्या आजारात त्यांचा डावा पाय कापावा लागला. तेव्हापासून गाडी मी चालवते. ते शेजारी बसतात, पण अवाक्षर काढत नाहीत.

काल मीही हट्टाला पेटले. अख्खा चढ क्लच अर्धा दाबूनच चढले. केबिनमध्ये जळका वास भरला. आता तरी ओरडा, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं.

बाबांनी काच खाली केली.