फरशीखालचा उजेड

विषय : तळघरातील वाचनालयास सूर्यप्रकाश मिळणेबाबत.
संदर्भ : प्रस्तुत लेखकाचा अतिशहाणपणा.

चहा घ्या, तोवर माझी फजिती ऐका. हसा, पण कप सांभाळून!

निगडीतल्या आमच्या सोसायटीच्या तळघरात वाचनालय आहे. म्हणजे चार कपाटं, एक आरामखुर्ची आणि मी. एकदा चेअरमन म्हणाले, "काका, तिथे भरदिवसा ट्यूब लागते आणि वाचक एकही दिसत नाही. उजेडाची सोय करा, वाचक दाखवा. नाहीतर तिथे स्कूटर लागतील!"

निवृत्त कारकुनाला कधी डिवचू नये. मी वाचलं होतं, की काही शहरांत फुटपाथवर काच बसवलेल्या लोखंडी फरश्या असतात. वरून माणसं चालतात, खाली ऊन पोचतं. झालं! ड्रॉइंग काढलं, अर्थातच तीन प्रतींत, आणि कुरुळीच्या फॅब्रिकेशनवाल्या बाळूभाऊंना गाठलं.

"काका, काच दुधी टाकू का साधी?"

"साधी! उजेडात काटकसर नको."

"आवं, पण खालचं समदं दिसंल की!"

"दिसू दे. वाचनालयात लपवायचं काय असतं?"

"तुमची मर्जी. टेम्पो गेला तरी फुटायची न्हाई, येवढं लिहून देतो."

वाचनालयाच्या बरोबर वर, अंगणात फरशी बसली. खाली इतका लख्ख उजेड, की कपाटं हिरवी आहेत हे मला त्या दिवशी कळलं!

रविवारी दुपारी कमिटीची पाहणी ठरली. मी जेवून आधीच खाली गेलो, व्यत्यय नको म्हणून आतून कडी लावली, जाडजूड ग्रंथ उघडला आणि... जेवणात पुरणपोळी होती हो!

कमिटी आली. कौतुकानं आमची हीसुद्धा आली. वाकून बघते तर नवरा आडवा, तोंड उघडं, ग्रंथ छातीवर.

"अहो! अगं बाई, हे हलत का नाहीत?"

अख्खी सोसायटी फरशीवर लोटली. जितकी माणसं जास्त, तितका खाली अंधार. जितका अंधार गडद, तितकी माझी झोप गाढ! कुणी दार बडवलं, कुणी अॅम्ब्युलन्स बोलावली. वॉचमननं काचेवर पहार घातली. बाळूभाऊंची काच ती, दाद देईल? आणि टाइपरायटरच्या खडखडाटात तीस वर्षं झोपलेला मी, पहारीला जागा होईन?

शेवटी चेअरमन ओरडले, "अरे सरका राव, काही दिसत नाही!" सगळे सरकले. ऊन थेट डोळ्यांवर आलं. बघतो तर वर गोल करून रडवेले चेहरे! वाटलं, संपलो. पण मी वर पोचलो म्हणावं, तर हे सगळे माझ्याही वर कसे?

"मी चिंतन करत होतो!" मी खालून ओरडलो.

"तोंड उघडं टाकून?" ही वरून गरजली. "आणि ग्रंथ उलटा धरून? रोज दुपारी वाचायला जातो म्हणता ते हेच ना!"

कमिटीनं नोंद केली : उजेड पुरेसा, वाचक आढळला नाही. तरीही, माणूस जिवंत निघाल्याच्या आनंदात, वाचनालयाला सहा महिने मुदतवाढ दिली.

आता ही रोज दुपारी फरशीवर उभी राहून पाहणी करते. काचेखाली पडदा लावण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज मी रीतसर केला आहे. त्यावर पत्नीची लेखी हरकत आली आहे. अर्ज प्रलंबित आहे.