सरावाचे हात

त्याने माझा हात झटकला आणि रुमालाने स्वतःचा हात पुसला. मी ग्लोव्ह्ज घातले होते. तरी पुसला.

घोलवडचा चिकूवाडीवाला. एसी रूममधला पेशंट. त्याला सलाईन लावायची होती. मला नस सापडली नाही. सुई काढून कापूस दाबत होते, तेवढ्यात तो मेट्रनला गुजरातीत म्हणाला, "आने पेला जंगलीओ पर शीखवा मोकलो."

मी वेवजीची. गुजरात आमच्या शेताच्या पलीकडे. मला सगळं कळलं. हिला त्या जंगल्यांवर शिकायला पाठवा. जंगली म्हणजे खालच्या जनरल वॉर्डात पडलेले आमचे आदिवासी लोक. मेट्रन हसली. म्हणाली, "सॉरी सेठ."

मी डहाणूकडच्या एका नर्सिंग शाळेत दुसऱ्या वर्षाला. शाळा आणि हॉस्पिटल एकाच मालकाचं. शिकवणारी एकच बाई होती, ती दिवाळीआधी सोडून गेली. तिच्या जागी कोणी आलं नाही. क्लार्क मोबाईलवर पीडीएफ टाकायचा, म्हणायचा, वाचा. सुई लावायला शिकायचा प्लास्टिकचा हात कपाटात, कपाटाला कुलूप. तपासणीला सरकारी साहेब आले की तो पुसून टेबलावर. साहेब गेले की परत आत. वॉर्ड मात्र आम्हीच चालवायचो. बेडपॅन, ड्रेसिंग, सुया, सगळं. याला ते प्रॅक्टिकल म्हणायचे.

मेट्रन मला खाली घेऊन गेली. तलासरीकडची एक बाई तापाने फणफणलेली. मेट्रनने तिचा हात ओढून माझ्यापुढे धरला.

"हिच्यावर कर सराव. कितीदा चुकलीस तरी ही काही बोलणार नाही."

बाईने हात तसाच राहू दिला. कोपरापासून मनगटापर्यंत काळेनिळे डाग. आमच्याच वर्गातल्या मुलींच्या सुयांचे. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हळूच विचारलं, "तू कुठल्या पाड्याची गं?"

त्या सेठची किळस होतीच. पण हातातल्या ट्रेची, अंगावरच्या पांढऱ्या युनिफॉर्मची त्याहून जास्त आली.

मी ट्रे खाली ठेवला.

"मला येत नाही, मॅडम. कोणी शिकवलेलं नाही. तुम्ही लावा."

"काय म्हणालीस?"

"तुम्ही लावा. मी बघते."

मेट्रनने दात आवळून सलाईन लावली. पहिल्याच खेपेला लागली. तिला येत होतं. इतक्या महिन्यांत आम्हाला एकदाही दाखवलं नव्हतं.

संध्याकाळी मालकाने ऑफिसात उभं केलं.

"राहणं फुकट, जेवण फुकट. आता शिक्षकपण पाहिजेत?"

"शिकायलाच आलोय ना, साहेब."

"तुम्हा लोकांना पाड्यावर गोळ्याच वाटायच्यात. त्याला कशाला शिक्षक? माफी लिहून दे."

मी लिहून दिली नाही.

दुसऱ्या सकाळी वॉर्डला न जाता वर्गात जाऊन बसले. रिकाम्या वर्गात. थोड्या वेळाने काही मुली आल्या. बाकीच्या घाबरल्या, आल्या नाहीत. माझ्या घरी फोन गेलेलाच होता. बाबा म्हणाले, "माफी माग, पोरी. वर्ष वाया जाईल."

"ते वायाच चाललंय, बाबा."

अजून शिक्षक आलेला नाही. परीक्षेला बसू देणार नाही म्हणतात. नका देऊ. मला नर्स व्हायचंय आणि इथूनच व्हायचंय. पण नस शोधायला आमच्या माणसांचे हात मी फोडणार नाही. आधी शिकवायला माणूस आणा. तोवर मी या बाकावरून उठत नाही.