ब्वेनोस आइरेस

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांची वाचा गेली, त्याला तीन आठवडे झाले होते. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस नुसता छताकडे बघत पडून राहायचा. डॉक्टर म्हणाले होते, "त्यांच्याशी बोलत राहा." म्हणून मी रोज सकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे.

त्या दिवशी फुटबॉलची बातमी होती. मी वाचलं, "ब्युनॉस एअर्समध्ये..."

बाबांनी माझं मनगट धरलं. ओठ थरथरले. "ब्वे... ब्वेनोस."

मला वाटलं, घसाच खाकरताहेत.

"ब्वेनोस आइरेस," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "चांगली... हवा."

नर्स धावत आली. "काय म्हणाले आजोबा?"

"माझा उच्चार चुकला म्हणाले," मी कशीबशी म्हणाले.

स्पॅनिशमध्ये त्या नावाचा अर्थच तो, चांगली हवा. इंग्रजांनी ते आपल्या जिभेला जमेल तसं वळवलं, आपण त्यांच्याकडून घेतलं, आणि या प्रवासात हवा कुठेतरी निसटली. उरला नुसता आवाज. बाबांचं नेमकं उलटं झालं होतं. अर्थ सगळा आत शाबूत होता, आवाज तेवढा अडकला होता. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मी पोटभर श्वास घेतला.

मग डोळे पुसून मी उरुग्वेच्या राजधानीचं नाव मुद्दाम इंग्रजी थाटात घेतलं, "मॉन्टिव्हिडिओ."

बाबांच्या कपाळावर आठी उमटली. "मोन्ते..." त्यांनी सुरुवात केली.