सिलोनला निघण्याआधी पोटातले जंत

"रक्तातले हिमोग्लोबिन फक्त बेचाळीस टक्के. या दाखल्यावर मी सही करणार नाही," जळगावच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर म्हणाले.

मी तेव्हा वैद्यकीच्या चौथ्या वर्षाला होतो. असोद्याच्या आमच्या घरात शाळेपुढे शिकलेला मी पहिलाच. सिलोनमध्ये पुराने उद्ध्वस्त झालेल्या गावांत काम करायला आमच्या कॉलेजातून सहा विद्यार्थी निवडले होते, त्यांत माझे नाव होते. निघायला दोन महिने होते. तब्येत ठीक असल्याचा दाखला मिळाला नाही तर माझी जागा दुसऱ्याला जाणार होती.

"धाप कधीपासून लागते?"

"वर्षभर असेल. अभ्यासाचा शीण वाटला."

"शेतात अनवाणी जाता?"

मी हो म्हणालो. केळीच्या बागेत वहाणा घालून पाऊल टाकायचे नाही, ही नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शिस्त. सुटीत आलो की मीही त्या ओल्या मातीत अनवाणीच पाणी भरायचो. पायाच्या बोटांत खाज यायची. तिकडे मी कधी लक्ष दिले नाही.

"हे पान तुमच्या पुस्तकात नव्हते वाटते," डॉक्टर म्हणाले.

होते. मी त्याखाली लाल रेघा मारल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शौचाच्या तपासणीत हुकवर्मची अंडी सापडली. हुकवर्म म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारा बारीक जंत. माणसे उघड्यावर शौचाला बसतात, तिथल्या ओल्या मातीतून तो पायाच्या कातडीत शिरतो. त्यातून होणारा अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्ताची कमतरता, इतका हळू येतो की माणूस स्वतःला आळशी समजू लागतो.

औषध होते टेट्राक्लोरएथिलीन. ते रिकाम्या पोटी घ्यायचे आणि आदल्या दिवशी तूप-तेल बंद. हे मी मायला दोनदा सांगितले. तरी दवाखान्याच्या बाकावर ती हळूच म्हणाली, "रातच्या खिचडीत मी तूप टाकलं होतं. तुले समजू दिलं नाही."

मी डॉक्टरांना सांगितले. त्यांनी कॅप्सूल परत बाटलीत टाकल्या.

"रगत वाढाले तूपच लागते ना, डाक्टरसाहेब?" मायने विचारले.

"नंतर महिनाभर खाऊ घाला, आई. आज त्या तुपाबरोबर औषध रक्तात उतरेल आणि पोराचे लिव्हर बिघडेल."

दोन दिवस वाया गेले. त्या दोन दिवसांत मायने घरातली तुपाची बरणी शेजारी नेऊन ठेवली.

मग औषध झाले. दिवसभर गरगरत होते. पुढे लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी शौच काळे होते, कुणी घाबरू नये. दर आठवड्याला बोट टोचायचे आणि आकड्याची वाट पाहायची. एकावन्न. अठ्ठावन्न. डॉक्टरांना पंचाहत्तर हवे होते.

धुळ्याच्या देवपुरातला रघुनाथ माझ्याबरोबर निवडला गेला होता. तो भेटायला आला. "तुझी जागा मी कुणाला देऊ देत नाही," तो म्हणाला, "पण बोटीवर चढताना धापा टाकल्यास तर मी ओळख दाखवणार नाही."

निघायला चार दिवस उरले असताना आकडा आला अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी सही केली आणि माझ्याशी हात मिळवला. त्या वेळी मला रडू आले, हे लिहायला लाज वाटत नाही. धाप लागत असेल तर शीण म्हणून सोडून देऊ नका, आधी तपासून घ्या. त्या डॉक्टरांचा मी जन्मभर ऋणी आहे.

सिलोनमध्ये तिसऱ्याच दिवशी जंतांच्या तपासणीचे आमचे काम अडले. गावातले कुणी तपासणीसाठी शौच द्यायला तयार होईना. पथकाचे प्रमुख पुढच्या गावी निघायचे म्हणू लागले. मी दुभाष्याला म्हणालो, "यांना सांगा, दोन महिन्यांपूर्वी माझ्याच पोटात हे जंत होते."

रघुनाथने कपाळाला हात लावला. लोक हसले. एक म्हातारी पुढे आली, मला खालीवर न्याहाळून तिने काही विचारले.

"आता गेले का, असे विचारते," दुभाष्या म्हणाला.

"सगळे गेले."

तिने हात पुढे करून माझ्याकडून नमुन्याची रिकामी डबी घेतली. दुपारपर्यंत आमच्याजवळच्या डब्या संपल्या आणि रांग अजून होतीच.