साडूभाऊ आणि चतुर्दशीचा चंद्र

सूर्य आणि चंद्र या दोघांनी माझ्या साडूभाऊंइतका धसका दुसऱ्या कुणाचा घेतला नसेल. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला नवीन पनवेलला, नोकरी तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. दिवसभर परीक्षानळ्या बघून दमलेला माणूस संध्याकाळी टीव्ही लावतो, पाय वर घेऊन बसतो. साडूभाऊ लॅपटॉप उघडून उद्या सूर्य कुठून उगवणार ते बघत. "पूर्वेकडून," असं मी एकदा सहज म्हणून गेलो. त्यावर त्यांनी मला पूर्व म्हणजे नेमकी कुठली, ती मे महिन्यात कुठे असते आणि डिसेंबरात कुठे सरकते, हे पोहे गार होईपर्यंत समजावून सांगितलं.

याला कारण एक सॉफ्टवेअर. साडूभाऊंनी लांब झूमचा कॅमेरा घेतला आणि त्याच सुमाराला कुणीतरी त्यांना ते इंटरनेटवरून उतरवून दिलं. नकाशावर आपल्या जागेवर टिचकी मारायची, तारीख घालायची, की त्या दिवशी सूर्य-चंद्र कुठल्या दिशेला उगवणार आणि मावळणार याच्या रेघा समोर उमटतात. फोटो काढायला जायच्या आधी घरी बसून सगळं ठरवता येतं. झालं, त्या दिवसापासून साडूभाऊंनी आयुष्यातली प्रत्येक गोष्ट रेघेवर आणली. नवा फ्लॅट बघायला गेले तेही लॅपटॉप घेऊन. प्रत्येक खोलीत उभं राहून "इथे थंडीत सकाळचं ऊन येईल, इथे नाही" असं पुटपुटत होते. बिल्डरच्या माणसाला वाटलं, वास्तुशास्त्राचे मोठे जाणकार आलेत. त्याने शेजारच्या विंगमधलं एक जोडपं त्यांच्यासमोर आणून उभं केलं. देव्हारा कुठे ठेवू, असं त्या बाईंनी हात जोडून विचारलं. साडूभाऊंचा वास्तुशास्त्रावर काडीचा विश्वास नाही, पण प्रश्नाला चुकीचं उत्तर देणं त्यांना जमत नाही. "त्या कोपऱ्यात ठेवलात तर मार्गशीर्षात देवांच्या तोंडावर ऊन पडेल," ते म्हणाले. बाई भारावल्या. साडूभाऊंनी स्वतः मात्र फ्लॅट घेतला नाही. पश्चिमेला पाण्याची टाकी आडवी येत होती.

संकष्टीच्या दिवशी त्यांच्या सोसायटीतल्या बायका आधी त्यांनाच फोन करायच्या. ही चूक प्रत्येकीने एकदाच केली. "काकू, कॅलेंडरातला चंद्रोदय सपाट जमिनीवरचा असतो. आपल्याला मध्ये प्रबळगडाचा डोंगर आहे. तुम्हाला तर समोरची विंगही आहे. तुमच्या गॅलरीत चंद्र यायला अजून बराच वेळ आहे," असं ते अत्यंत काळजीने सांगत. उपाशी काकू फोन ठेवत आणि कॅलेंडरावर भरवसा ठेवून मोदक वाढून घेत.

इतकी आखणी करून फोटो मात्र क्वचितच निघे. कधी ढग, कधी तळोज्याचा धूर. एकदा नेरे गावाजवळ दोन डोंगरांच्या खिंडीतून उगवता सूर्य धरायचा म्हणून त्यांनी वर्षभर वाट पाहिली. त्या दिवशी पहाटे पोचतात तो त्यांच्या रेघेवर कुणीतरी पेंढ्याची भलीमोठी उडवी रचून ठेवलेली. शेतकरी बिचारा ओशाळला. "आदी सांगायचा ना, आमी पलीकडं रचली असती," तो म्हणाला आणि चहा प्यायल्याशिवाय सोडेना. साडूभाऊ घरी आले ते सूर्याऐवजी एक दुधी भोपळा घेऊन. ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, काही न विचारता तो चिरायला घेतला.

आमच्या सासूबाई आपटा गावी एकट्या राहत. सासरे गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा धड फोटो सापडला नव्हता. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा कापून मोठा करून घेतला. त्या फोटोत सासऱ्यांच्या खांद्यावर अजून कुणा परक्या माणसाचा हात आहे. सासूबाईंचा तर एकटीचा एकही फोटो नव्हता. पुढचे दात पडल्यापासून कॅमेरा दिसला की त्या पदर तोंडाला लावत आणि मान फिरवत. "मी काय आता फोटूत बगन्यासारखी हाय काय?" असं म्हणून उठून आत जात. ताई एकदा जेवताना म्हणाल्या होत्या, "आईचंही बाबांसारखंच होणार. कुणाच्यातरी घोळक्यातून कापावं लागणार." साडूभाऊ तेव्हा भात कालवत राहिले.

पुढे काही महिन्यांनी, थंडीत, त्यांनी जाहीर केलं, की येत्या चतुर्दशीला आपट्याला चंद्राचा फोटो काढायचा आहे. पौर्णिमेला नाही, चतुर्दशीलाच, कारण तेव्हा चंद्र उजेड असतानाच वर येतो आणि माणसंही नीट दिसतात. गावाबाहेर नदीकाठी एक टेकाड आहे. त्यावर सासूबाईंनी बसायचं, साडूभाऊ नदीच्या दुसऱ्या काठावरून फोटो काढणार, आणि चंद्र बरोबर सासूबाईंच्या मागून उगवणार.

सासूबाईंनी आधी सरळ नाही म्हटलं. मग विचारलं, "माजा तोंड दिसंल काय?"

"तोंड कुठलं, आई! इतक्या लांबून तुम्ही मुंगीएवढ्या दिसाल. फोटो चंद्राचा आहे."

"मंग येते," सासूबाई म्हणाल्या.

दोघी लेकी त्यांना घेऊन टेकाडावर गेल्या. मी साडूभाऊंबरोबर या काठावर, फोन कानाला लावून. "आईंना जरा डावीकडे घ्या," ते म्हणत, मी फोनवर सांगे, आणि ताई कळवत, "आई म्हणते तिकडे काटे आहेत." असं बराच वेळ चाललं. चंद्राची वेळ झाली, पण डोंगरावर धुरकट पट्टा होता आणि त्यातून काहीच वर येईना. इकडे सूर्य मावळला. थंडी वाजायला लागली. फोन तसाच चालू होता, आणि पलीकडे कंटाळलेल्या सासूबाईंनी लेकींना कुठलीशी जुनी गोष्ट सांगायला घेतल्याचं मला ऐकू येत होतं. सासरे नव्या नवरीला होडीत बसवताना स्वतःच पाण्यात पडले होते, त्याची गोष्ट. सांगता सांगता त्यांना हसू फुटलं. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकावलो, तर मान मागे टाकून, डोक्यावरचा पदर घसरलेला, बोळकं उघडं टाकून त्या हसत होत्या आणि लेकी दोन्हीकडून त्यांना धरून हसत होत्या.

साडूभाऊंचं बोट खटक्यावरून उठत नव्हतं, एकामागून एक फोटो निघत होते.

"अहो, चंद्र कुठे आलाय अजून?" मी म्हणालो.

"तुम्ही जरा गप्प बसा."

मग चंद्र आला. फिकट, मोठा, आखल्या जागी. तोवर सासूबाई "गार पडला, चला" म्हणून उठून टेकाड उतरायला लागल्या होत्या. साडूभाऊंनी मान वर करून चंद्र पाहिला, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि कॅमेरा पिशवीत भरला.

मोठा करून घेतलेला फोटो त्यांनी सासूबाईंच्या हातात दिला, तेव्हा त्या तो खूप वेळ डोळ्यांजवळ धरून बसल्या. "ही कोन?" त्यांनी आधी विचारलं. मग ओळखून म्हणाल्या, "जावयबापू, मुंगी येवढी मोटी असते काय?" साडूभाऊ शाळकरी पोरासारखे खाली बघत उभे राहिले. फोटो परत मात्र सासूबाईंनी दिला नाही. पुढे कुणी आलं, की चहाच्या आधी तो बाहेर येई.

आणखी काही वर्षं त्या होत्या. त्या गेल्या तेव्हा तोच फोटो हार घालून पाटावर ठेवला. भेटायला येणारी माणसं जड चेहऱ्याने दारात चपला काढत, आत येऊन फोटोसमोर हात जोडत, आणि मग नकळत त्यांच्याही चेहऱ्यावर हसू येई. काहीजणी तर रडता रडता हसल्या. गावातल्या एका म्हाताऱ्या मैत्रिणीने फोटोवरून हात फिरवला.

"तोंड कदी दाखवला नाय हिनं कॅमेऱ्याला. कोन्या फोटूवाल्यानं काडला?"

साडूभाऊ कोपऱ्यात बसले होते. "लांबून काढलाय," एवढंच म्हणाले, आणि आलेल्या माणसांना पाणी द्यायला तांब्या घेऊन उठले.